पंगतीतले वेगळे पान

मराठीत ‘वावडे’ हा एक जुना आणि अर्थपूर्ण शब्द आहे. एखाद्याच्या प्रकृतीला जे अन्न मानवत नाही, ते त्याचे वावडे. परंतु याच शब्दाचा उपयोग आपण थट्टेनेही करतो. अमक्याला कष्टाचे वावडे आहे, तमक्याला खरे बोलण्याचे वावडे आहे, असे आपण सहज म्हणून जातो. शरीराची असमर्थता आणि मनाची नाखुशी या दोन अगदी भिन्न गोष्टी भाषेने एकाच शब्दात कोंबल्या आहेत. ‘मला हे चालत नाही’ या वाक्याचेही तसेच आहे. उपवास धरणारा ते म्हणतो, पथ्य पाळणारा म्हणतो, नावडती भाजी टाळू पाहणारे पोरही म्हणते. ऐकणाऱ्याला त्यातला फरक कळावा कसा? आणि कळत नसेल, तर त्याने बोलणाऱ्यावर विश्वास ठेवावा की पुरावा मागावा?

हा प्रश्न आम्हांला पुस्तकात भेटला नाही. तो आमच्या स्वयंपाकघरात आला, आणि आम्ही त्याचे चुकीचे उत्तर दिल्यानंतरच त्याचे खरे स्वरूप आमच्या लक्षात आले.

वसईच्या आमच्या घरात मासळीवाचून जेवण म्हणजे आजारपणाचे जेवण. प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून तर मासळीला अधिकच मान. कोळंबीचे कालवण, पावसाळ्यासाठी साठवलेले सोडे, जवळ्याची चटणी, चिंबोऱ्यांचा रस्सा, हे सगळे आमच्या धाकट्या मुलीच्या पानात ती दोनअडीच वर्षांची असल्यापासून पडत आले. सात वर्षांची झाल्यावर ती कोळंबी बाजूला सारू लागली. ‘घशात खाजतं,’ एवढेच ती म्हणे. आम्ही उभयतांनी त्याचा अर्थ लावला की मुलगी लाडावली आहे. पानात टाकायचे नाही, हा आमच्या घरचा जुना नियम. वाढलेले संपेपर्यंत तिने पाटावरून उठायचे नाही, अशी शिक्षा आम्ही तिला अनेकदा केली. ती रडत, पाणी पीत, एकेक घास गिळत असे. शिस्त लावल्याचे समाधान आम्हांला मिळत होते.

नवव्या वर्षी एका नातलगाच्या लग्नात तिने आग्रहाखातर कोळंबीचे चार घास खाल्ले. पंधरावीस मिनिटांत तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली आणि श्वास घेताना छातीतून शीळ वाजू लागली. सुदैवाने पंगतीत एक परिचारिका होत्या. त्यांनी वेळ न दवडता रिक्षा बोलावली. इस्पितळात मांडीत अॅड्रेनलिनचे इंजेक्शन मिळाले आणि अर्ध्या तासात मुलीचा श्वास मोकळा झाला. त्या रात्री तिच्या खाटेशी बसलो असता ती झोपेच्या गुंगीत म्हणाली, ‘मी सांगितलं होतं ना.’ त्या वाक्यात तक्रार नव्हती. तिने फक्त एक वस्तुस्थिती सांगितली होती, आणि म्हणूनच ते वाक्य आमच्या मनातून आजही जात नाही.

मिस्साच्या आरंभी आपण विचाराने, शब्दाने, कृतीने आणि कर्तव्यात कसूर करून केलेल्या पापांची कबुली देतो. कर्तव्यातली कसूर म्हणजे दान न देणे, आजाऱ्याची विचारपूस न करणे, अशीच आमची समजूत होती. स्वतःच्या लेकराने स्वतःच्या शरीराविषयी दिलेली साक्ष न मानणे हीदेखील कसूर ठरते, हे आम्हांला त्या रात्री उमगले. आमचा हेतू वाईट नव्हता, हे खरे. परंतु जे आम्हांला ठाऊक नव्हते ते ठाऊक करून घेणे आमच्या हातात होते. दोन वर्षे तो मार्ग आमच्यासमोर उघडा होता आणि आम्ही तिकडे पाहिले नाही.

एका चुकीतून माणूस बहुधा उलट टोकाच्या चुकीत जातो. आम्हीही गेलो. इस्पितळातून आल्यावर घरात मासळी येणे बंद झाले. कोणाच्या तरी सांगण्यावरून आम्ही एका ठिकाणी तिच्या रक्ताची तपासणी करून घेतली. पुष्कळ पदार्थांची यादी आली आणि त्यांतील कितीतरी नावांपुढे तांबडी खूण होती. अंडे, शेंगदाणा, दूध, गहू, टोमॅटो, केळे! आम्ही ती यादी फळीला डकवली आणि त्याप्रमाणे तिचे ताट रिकामे करीत गेलो. डब्यात रोज भात आणि बटाटा. वाढदिवसाच्या घरी जायचे नाही. नाताळात करंज्या आणि कुलकुल भावंडांनी खायचे, तिने पाहायचे. तीन महिन्यांत तिचे वजन उतरले आणि बोलणेही कमी झाले. आधी आम्ही तिच्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता, आता छापील कागदावर आंधळा विश्वास ठेवला. दोन्ही वेळा तिला मात्र कोणी काही विचारले नाही.

शेवटी मुंबईतल्या एका ॲलर्जीतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी प्रथम कागद बाजूला ठेवला आणि मुलीशी अर्धा तास गप्पा मारल्या. काय खाल्लेस, किती खाल्लेस, किती वेळाने काय झाले, पूर्वी तोच पदार्थ केव्हा खाल्ला होतास, असे त्यांचे प्रश्न होते. तपासणीचा मोठा भाग एवढाच असतो, असे ते म्हणाले. रक्ताच्या त्या यादीविषयी त्यांनी जे सांगितले ते ऐकून आम्ही ओशाळलो. त्या तपासणीत आयजीजी नावाचे प्रतिद्रव्य मोजले होते. आपण जे अन्न खातो त्याविरुद्ध असे प्रतिद्रव्य निरोगी शरीरातही तयार होते. ते त्या अन्नाशी शरीराची ओळख झाल्याची खूण होय, वैर असल्याची नव्हे. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ मध्येच अन्नाच्या ॲलर्जीचे निदान करण्यासाठी ही तपासणी वापरू नये असे स्पष्ट केले आहे. म्हणजे आमची मुलगी जे आनंदाने आणि नेमाने खात आली होती, नेमके तेच आम्ही तिच्या तोंडून काढून घेतले होते.

मग त्वचेवरची चाचणी झाली. हाताच्या पुढच्या भागावर निरनिराळ्या पदार्थांच्या अर्काचे थेंब ठेवतात आणि प्रत्येक थेंबातून बारीक टोकाने किंचित टोचतात. शेजारी एक थेंब हिस्टामिनचा आणि एक साध्या मिठाच्या द्रावणाचा असतो. पहिल्यापाशी गांधी उठलीच पाहिजे, दुसऱ्यापाशी उठता कामा नये. तसे झाले तरच चाचणी खरी. सर्दीखाजेची काही औषधे आधी काही दिवस बंद ठेवावी लागतात, नाहीतर त्वचा गप्प राहते. पंधरावीस मिनिटांनी गांधीची रुंदी मोजतात. मिठाच्या थेंबापेक्षा ती तीन मिलिमीटर किंवा अधिक मोठी असेल, तर त्या पदार्थाविरुद्ध आयजीई हे प्रतिद्रव्य शरीरात आहे असे मानतात.

कोळंबी आणि चिंबोरी यांच्यापाशी मोठ्या गांधी उठल्या. सुरमई, पापलेट, अंडे, दूध, गहू यांच्यापाशी काहीच नाही. शेंगदाण्यापाशी मात्र चार मिलिमीटरची गांधी उठली आणि आमच्या पोटात गोळा आला. डॉक्टरांनी मुलीला विचारले, ‘चिक्की खातेस?’ ती म्हणाली, ‘पूर्वी दर आठवड्याला खायचे, शाळेच्या फाटकावर.’ ‘काही व्हायचे?’ ‘नाही.’ त्यावर डॉक्टर म्हणाले, ‘मग तू शेंगदाणा खा. तुझ्या हाताने जे सांगितले त्यापेक्षा तुझ्या पोटाने जे सांगितले ते मोठे.’

हे वाक्य आम्हांला सुरुवातीला पटले नाही. यंत्र आणि सुई यांना खोटे बोलण्याचे कारण नसते, मग त्यांची साक्ष दुय्यम कशी? याचे उत्तर असे की चाचणी खोटे बोलत नाही, परंतु आपण जो प्रश्न विचारला असे समजतो त्याचे उत्तर ती देत नाही. शरीरात प्रतिद्रव्य आहे का, एवढेच ती सांगते. ते अन्न खाल्ल्यास त्रास होईल का, हा निराळा प्रश्न आहे. बंगळुरू आणि म्हैसूर परिसरातील प्रौढांची जी पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात सुमारे २६ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध असे प्रतिद्रव्य आढळले. परंतु ज्यांना प्रत्यक्षात अन्नाची ॲलर्जी असण्याचा संभव होता, त्यांचे प्रमाण सुमारे एक टक्काच होते. म्हणजे खूण असलेल्या माणसांपैकी फार थोड्यांनाच वावडे असते. ज्याची हकीकत आधी ऐकलेली नाही, त्याची सरसकट चाचणी करून निवाडा देणे म्हणजे अपराध ठाऊक नसताना शिक्षा सुनावण्यासारखे आहे.

निश्चित निर्णय करायचा तर एकच मार्ग उरतो. वैद्यकीय देखरेखीखाली, अॅड्रेनलिन हाताशी ठेवून, तो पदार्थ अगदी कणाकणाने वाढवीत खाऊन पाहायचा. अत्यंत काटेकोर परीक्षेत तर घासात तो पदार्थ आहे की नाही हे रोग्यालाही ठाऊक नसते आणि डॉक्टरांनाही ठाऊक नसते, म्हणजे भीतीने किंवा आशेने निकाल बिघडत नाही. चाचणीत मासळीपाशी काही उठले नव्हते, तरी त्या रात्रीच्या धास्तीमुळे आमच्या मुलीची सुरमई अशाच देखरेखीखाली तपासली गेली. सकाळी चिमूटभर तुकड्याने आरंभ झाला आणि दुपारी तिने अख्खी तुकडी संपवली. कोळंबी आणि सुरमई एकाच टोपलीतून आपल्या दारी येतात, परंतु त्यांची जात वेगळी. कोळंबीतले मुख्य त्रासदायक प्रथिन ट्रोपोमायोसिन हे आहे, अशी ओळख १९९३ मध्ये पटली आणि त्या संशोधनात भारतीय शास्त्रज्ञांचा महत्त्वाचा वाटा होता. ते शिजवल्याने नष्ट होत नाही. चिंबोरीत त्याचा सख्खा भाऊच असतो, पण पापलेटसुरमईची ॲलर्जी निराळ्याच प्रथिनामुळे होते. समुद्रातले सारेच आमच्या मुलीचे शत्रू नव्हते. चाचणीने तिच्या पानातून दोन पदार्थ नेले आणि आम्ही भीतीने हिरावलेले वीस पदार्थ तिला परत दिले.

तेव्हापासून आम्ही या शास्त्राचा इतिहास थोडाफार वाचला. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये योजला. त्याआधी १९०२ मध्ये शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवून दिले होते की जो विषाचा अंश पहिल्या खेपेस सोसला, त्याहून कितीतरी कमी अंश दुसऱ्या खेपेस प्राण घेऊ शकतो. ‘सवयीने जाते’ या आपल्याकडील समजुतीला हा केवढा धक्का! या कामासाठी रिशे यांना १९१३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु आमच्या मनात घर करून राहिली ती १९२१ सालची एक हकीकत. त्या वेळी जर्मनीत असलेल्या ब्रेस्लाउ या शहरात कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्यूस्टनर हे दोन डॉक्टर एकत्र काम करीत. क्यूस्टनर यांना शिजवलेल्या मासळीचे तीव्र वावडे होते. प्राउस्निट्झ यांना मासळीचा कसलाच त्रास नव्हता. त्यांनी आपल्या सहकाऱ्याच्या रक्तातील द्रव स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचला. काही मिनिटांत तेथे गांधी उठली. जो मासळी निर्धास्त खाई, त्याच्या अंगावर न खाऊ शकणाऱ्याचे दुखणे उमटले. वावड्याचे कारण रक्तातच वास करते आणि ते मनाचे खूळ नव्हे, हे त्यातून सिद्ध झाले. ते कारण म्हणजे आयजीई हे प्रतिद्रव्य, याचा शोध लागायला मात्र १९६६-६७ साल उजाडावे लागले. रक्तातून रोग पसरण्याच्या धोक्यामुळे ही पद्धत आता वापरात नाही, आणि तेच योग्य. तरीही आम्हांला वाटते की नीतीच्या दृष्टीने हा प्रयोग कालबाह्य झालेला नाही. दुसऱ्याचे ‘मला होते’ हे म्हणणे खरे की खोटे, हे ठरवण्यासाठी प्राउस्निट्झ यांनी त्याला पुन्हा मासळी खाऊ घातली नाही. त्यांनी पुरावा मागितला, परंतु त्याची किंमत स्वतःच्या कातडीने मोजली.

येथे आमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. विश्वास की पुरावा? आम्हांला आता वाटते की ही निवडच चुकीची आहे. ज्या क्षणी कोणी ‘मला चालत नाही’ असे म्हणतो, त्या क्षणी यजमानाचे कर्तव्य एकच, ते म्हणजे विश्वास. कारण दोन्ही बाजूंच्या चुकांचे वजन सारखे नाही. खोट्यावर विश्वास ठेवला तर एक घास वाया जातो. खऱ्यावर अविश्वास दाखवला तर एक जीव जाऊ शकतो. पुरावा हवा आहे, पण तो मागण्याची जागा पंगत नव्हे आणि मागणारे आपण नव्हे. जे लोक ‘दिसणार नाही एवढे घालून पाहू, काय होते ते’ असे म्हणून एखाद्याच्या वाटीत चोरून काही मिसळतात, ते परीक्षा घेत नसतात. ते विश्वासघात करीत असतात. डॉक्टरही घासात काय आहे ते लपवतात, परंतु ते संमतीने, इंजेक्शन हाती ठेवून आणि रोग्याच्या हितासाठी.

संत थॉमसची गोष्ट या संदर्भात आठवते. आपल्या देशाचा प्रेषित म्हणून आपण त्याला मानतो आणि ‘संशयी’ म्हणून त्याला नावेही ठेवतो. परंतु पुनरुत्थित प्रभूने त्याला परीक्षा नाकारली नाही, हे आपण विसरतो. जखमेवर बोट ठेवण्याची त्याला मुभा होती. आम्ही त्यातून एवढेच घेतो की सत्य जाणून घेण्याची इच्छा हा श्रद्धेचा अपमान नव्हे. फक्त ती इच्छा जखमेच्या जवळ नेणारी हवी. आम्ही दोन वर्षे संशय घेतला, पण जखमेजवळ एकदाही गेलो नाही.

परंतु कर्तव्य केवळ यजमानाचे नाही. ज्याला वावडे आहे त्याच्यावरही सत्याचे ऋण आहे. आपल्या म्हणण्यामुळे दुसऱ्याला वेगळे भांडे चढवावे लागते, वेगळा डाव ठेवावा लागतो. तेव्हा ते म्हणणे शक्य तितके खरे आणि नेमके करून घेणे हा त्या कष्टांचा मान आहे. नावड असेल तर नावड म्हणावे. दूध पचत नसल्याने पोट फुगत असेल, तर तो त्रास खराच आहे, पण ती ॲलर्जी नव्हे आणि त्यात प्राणाला धोका नाही. प्रत्येक नाखुशीला ॲलर्जीचे नाव देणारा माणूस स्वतःला सोय करून देतो आणि ज्याचा श्वास खरोखर कोंडतो त्याच्या शब्दाची किंमत उतरवतो. म्हणून तपासणी करून घेणे ही केवळ आरोग्याची बाब नव्हे. इतरांच्या विश्वासाला पात्र राहण्याची ती एक रीत आहे.

शिवाय भीतीचीही किंमत असते आणि ती बहुधा मुले मोजतात. पूर्वी इंग्लंडमध्ये तान्ह्या मुलांना शेंगदाणा देऊ नये असा सल्ला दिला जाई. २००८ मध्ये असे आढळले की इंग्लंडमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्राएलमधील ज्यू मुलांच्या सुमारे दहापट होती. इस्राएलमध्ये लहानग्यांना शेंगदाण्याचा खाऊ सर्रास दिला जातो. मग ज्यांना ॲलर्जीचा विशेष धोका होता अशा ६४० तान्ह्या मुलांवर प्रयोग झाला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना शेंगदाणा टाळायला लावला, त्यांच्यापैकी सुमारे १७ टक्के मुलांना पाचव्या वर्षी ॲलर्जी होती. ज्यांना तो नेमाने खाऊ घातला, त्यांच्यापैकी सुमारे ३ टक्क्यांनाच ती होती. यावरून कोणी घरच्या घरी प्रयोग करू नयेत. त्या मुलांचीही आधी तपासणी झाली होती आणि ज्यांची त्वचा तीव्र उत्तर देत होती त्यांना वगळले होते. परंतु ‘टाळणे म्हणजे सुरक्षित’ हे गृहीत धरणाऱ्या आमच्यासारख्या आईबापांना त्यात मोठा धडा आहे. प्रेमाला ज्ञानाची जोड नसली, तर ते सावधपणाच्या नावाखाली इजा करू शकते.

कोणी म्हणेल, एका माणसासाठी सगळ्या पंगतीने आपले अन्न सोडायचे का? संत पौलापुढे असाच एक प्रश्न आला होता. मूर्तीला वाहिलेले मांस खाण्यात आपल्याला दोष वाटत नसला, तरी त्यामुळे भाऊ अडखळत असेल तर ते आपण कधीच खाणार नाही, असे त्याने करिंथकरांना कळवले. तेथे प्रश्न विवेकाचा होता आणि येथे शरीराचा आहे, हा फरक आम्ही जाणतो. तरीही त्याच्या विचाराची दिशा येथे लागू पडते. माझा हक्क काय, हे तो आधी विचारत नाही. माझ्या हक्कामुळे माझ्या भावाचे काय होते, हे विचारतो. बहुतेक वेळा सर्वांनी सारे सोडण्याची गरजही नसते. वेगळे भांडे, वेगळा डाव, स्वच्छ धुतलेले हात आणि खरे उत्तर, एवढे पुरेसे असते.

त्यातले खरे उत्तर सर्वांत अवघड, कारण आपल्या पदार्थांत काय काय आहे हे आपल्यालाच आठवत नाही. आपल्या समाजातल्या बॉटल मसाल्याचेच पाहा. मिरच्यांबरोबर पुष्कळ घरी त्यात गहू, चणाडाळ, तीळ, मोहरी आणि खसखस भाजून घालतात. ज्याला गव्हाचे किंवा तिळाचे वावडे आहे, त्याला ‘रश्शात काही नाही, फक्त मसाला आहे’ असे सांगणे अनवधानाने का होईना, पण असत्य ठरते. नाताळचे मार्झिपान बदामाचे की काजूचे, हेही सांगता आले पाहिजे. आपल्या देशात २०२० च्या नियमांनी बांधीव खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर गहू, दूध, अंडे, मासे, कोळंबीवर्गीय प्राणी, शेंगदाणे, सोयाबीन यांसारख्या घटकांची जाहीर नोंद आवश्यक केली आहे. घरच्या पातेल्यावर असे वेष्टन नसते. तेथे सुगरणीचा प्रामाणिकपणा हेच वेष्टन.

या बाबतीत ख्रिस्तसभेलाही आपल्या पवित्रतम मेजाशी प्रश्न पडला आहे. सीलिअॅक नावाच्या विकारात गव्हातील ग्लुटेन आतड्याला इजा करते. हा विकार ॲलर्जीहून वेगळा आहे, तरी त्याचे पथ्य आजन्म पाळावे लागते. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि ही आजारी मुले मात्र सुधारू लागली. तेव्हा त्यांच्या संशयाला बळ आले आणि १९५० मध्ये त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. परंतु मिस्साची भाकर गव्हाचीच असली पाहिजे असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. मग या विकाराच्या माणसाने वेदीपुढून उपाशी परतायचे का?

ख्रिस्तसभेने २००३ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये जे स्पष्ट केले त्याचा आशय असा: ग्लुटेन पूर्णपणे काढून टाकलेली ओस्ती चालणार नाही, परंतु भाकर होण्यापुरते अत्यल्प ग्लुटेन असलेली ओस्ती वैध आहे. ज्याला तीही सोसत नाही, त्याने केवळ प्याल्यातून स्वीकार करावा, आणि त्याला काहीही उणे मिळत नाही, कारण ख्रिस्त कोणत्याही एका रूपात संपूर्ण असतो. अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या क्लाइड येथील बेनेडिक्टाइन भगिनींनी कित्येक वर्षे खटपट करून केवळ ०.०१ टक्का ग्लुटेन असलेली ओस्ती तयार केली. या साऱ्यात आम्हांला एक आदर्श दिसतो. मेजाचे स्वरूप बदलले नाही आणि माणसालाही मेजापासून दूर केले नाही. दोन्ही राखण्यासाठी लागणारे कष्ट मात्र कोणीतरी स्वयंपाकघरात उभे राहून उपसले. तरीही अशी गरज असलेल्या माणसाला धर्मगुरूंकडे जाऊन ती बोलून दाखवावी लागते. त्याला तेथे संकोच वाटणार नाही, एवढी काळजी आपण बाकीच्यांनी घ्यायला हवी.

आमच्या मुलीला कोळंबी बहुधा जन्मभर वर्ज्य राहील. दुधाचे किंवा अंड्याचे वावडे पुष्कळ मुलांत वयाबरोबर ओसरते, कोळंबीचे सहसा ओसरत नाही, असे डॉक्टरांनी आम्हांला स्पष्ट सांगितले. आपल्याला काय चालत नाही हे ती आता अनोळखी घरातही न लाजता सांगते. कोणी हसले तर ती पुन्हा सांगते. आम्ही तिची क्षमा मागितली, तेव्हा ती जरा गोंधळली. मुलांना आईबापांच्या क्षमायाचनेची सवय नसते. ‘आता विचारता ना, मग झालं,’ असे म्हणून ती खेळायला गेली. पाटावर रडत बसवलेल्या त्या संध्याकाळी त्यामुळे पुसल्या गेल्या, असे आम्ही मानत नाही.

आमच्या घरात सर्वांत जास्त अविश्वास दाखवला तो तिच्या आजीने. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं,’ हे त्यांचे पालुपद. चाचणीच्या दिवशी त्या बरोबर आल्या होत्या आणि नातीच्या हातावर उठलेली गांधी त्यांनी चष्मा लावून पाहिली होती. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या नाताळात सारे कुटुंब जेवायला जमले तेव्हा चुलीशेजारी एक लहान पातेले वेगळे झाकून ठेवलेले दिसले आणि त्याच्या डावाच्या दांड्याला तांबडा दोरा गुंडाळलेला होता. कोणी तो डाव उचलू लागले की आजी आतून ओरडत, ‘तो नको, तो पोरीचा.’ मुलगी मात्र वेगळी बसली नव्हती. ती पंगतीत भावंडांच्या मधोमध बसून सुरमईचे काटे काढीत होती.